पात्याचे आयुष्य

मराठीत एखाद्याला पुरते नागवले किंवा चारचौघांत खडसावले, की 'त्याची बिनपाण्याने केली' असे म्हणतात. काय केली, ते सांगावे लागत नाही. हजामत हा शब्द गाळला तरी कोरड्या गालावरून फिरणारा वस्तरा ऐकणाऱ्याला जाणवतोच. या व्यवसायाने आपल्या भाषेला बरेच काही दिले आहे आणि त्यातले बहुतेक परमुलखातून आलेले आहे. वस्तरा फारसीतून आला, हजामत अरबीतून. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा. ते कामही न्हाव्याकडेच असे. रेझर आणि ब्लेड इंग्रजीने दिले. दाढी तेवढी प्राकृतातून चालत आलेली, घरची. या मालिकेतला सर्वांत अलीकडचा शब्द म्हणजे कार्ट्रिज. त्याचे एक भावंड मात्र आपल्याकडे फार पूर्वीपासून नांदते आहे : काडतूस. ते पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले. एकदा उडवले की मागे नुसते टरफल उरते. दाढीच्या कार्ट्रिजला मी मनातल्या मनात काडतूसच म्हणतो, आणि या लेखातही तसेच म्हणणार आहे.

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ ज्या दुकानातून मी सामान घेतो, तिथे दुधारी पात्यांची पाकिटे गल्ल्यापुढे, बडीशेपेच्या पुड्यांशेजारी लटकत असतात. एक पाते चार-पाच रुपयांना पडते. काडतुसे मात्र दुकानदाराच्या पाठीमागे, काचेच्या कपाटात. तीन पात्यांच्या एका काडतुसाला शंभराहून अधिक रुपये पडतात; पाच पात्यांचे त्याहूनही पुष्कळ महाग. मॉलमध्ये तर या पाकिटांना चोरीची घंटा वाजवणारी चकती लावलेली पाहिली आहे. एवढ्या किमतीत आपण नेमके काय घेतो, आणि घेतलेले संपले हे कोणी ठरवायचे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण वस्तूचे आयुष्य कोणाच्या हाती, हा प्रश्न वस्तूपुरता राहत नाही.

वस्तऱ्यालाही आयुष्य होते, पण ते माणसाच्या आयुष्याच्या मापाने मोजले जाई. न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा बापाकडून मुलाकडे जाई. धार गेली तर चामड्याच्या पट्ट्यावर ती परत आणता येई, आणि ती आणण्याचे ज्ञान वापरणाऱ्याच्याच हातात असे. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्याला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. एका दाढीला वेगळी किंमत नव्हती. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मुळीच कारण नाही. बलुते हा हक्क होता तसेच ते बंधनही होते. वस्तरा न्हाव्याचा असला तरी तो कोणाच्या मस्तकावर चालवायचा, हे गाव ठरवी. म्हणूनच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, याचे मोल मोठे आहे. त्यांच्या कितीतरी आधी सेना न्हावी यांनी याच धोकटीतल्या आरशाला आणि चिमट्याला परमार्थाचे अर्थ दिले होते. हत्यार स्वतःचे असेल तर माणूस त्याला अर्थ देऊ शकतो आणि वेळ आली तर ते खालीही ठेवू शकतो.

धार लावण्याचे हे ज्ञान अनावश्यक ठरवणारा माणूस म्हणजे किंग कॅम्प जिलेट. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचे जनक विल्यम पेंटर यांच्या कंपनीत तो विक्रेता होता. एकदा वापरून फेकावी आणि गिऱ्हाइकाने पुन्हा दुकानात यावे अशी वस्तू शोधून काढ, हा सल्ला पेंटर यांचा. याच जिलेटने १८९४ साली 'द ह्यूमन ड्रिफ्ट' हे पुस्तक लिहून स्पर्धेवर उभी असलेली अर्थव्यवस्था मोडावी आणि सारे उत्पादन जनतेच्या मालकीच्या एकाच कंपनीकडे सोपवावे, असे प्रतिपादन केले होते. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ साली, त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले. रेझर जवळजवळ फुकट द्यायचा आणि पात्यांवर कमवायचे, ही युक्ती त्याच्या नावावर व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते. रँडल पिकर या अमेरिकी कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० साली दाखवून दिले की पेटंट होते तोवर जिलेटचा रेझर पाच डॉलरना, म्हणजे महागच विकला जात होता. तो स्वस्त झाला १९२१ साली पेटंट संपल्यावर. दंतकथेतला जिलेट खऱ्या जिलेटपेक्षा धूर्त निघाला. पण आजचे काडतूस त्या दंतकथेबरहुकूमच चालते.

आपल्या घरांत त्याच्या दुधारी पात्याला निराळाच संसार लाभला. त्याचा आकार जगभर रूढ झाला, त्यामुळे ठाण्याचे सुपरमॅक्स असो की कोलकात्याच्या मल्होत्रांचे टोपाझ, कोणतेही पाते कोणत्याही रेझरमध्ये बसे. माझे वडील, आमचे अण्णा, एस. टी.च्या पनवेल आगारात कारागीर होते. नवे पाते काढले की भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात ते पेन्सिलीने बारीक 'पा' लिहीत. गॅसच्या सिलिंडरची तारीख आई लिही, पात्याची अण्णा. दाढी आठवड्यातून तीनदा, आणि पाते दोन आठवडे चाललेच पाहिजे असा दंडक. दाढी झाली की पाते धुऊन, पुसून पुन्हा कागदात. दाढीला चालेनासे झालेले पाते म्हणजे मेलेले पाते नव्हे. अर्धे मोडून आईच्या शिवणाच्या डब्यात उसवायला जाई. उरलेले अर्धे पेन्सिलींना टोक काढण्यासाठी आमच्या वाट्याला येई. शेवटी खिडकीच्या काचेवरचे रंगाचे डाग खरवडून ते संपे. सलूनमध्ये आजही वस्तऱ्याच्या नव्या अवतारात असेच अर्धे मोडलेले पाते बसवतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे.

काडतुसाला असे उत्तरायुष्य नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीत जखडलेली त्याची पाती सुटी होत नाहीत. एका कंपनीचे काडतूस दुसरीच्या दांड्यावर बसत नाही. कित्येकदा त्याच कंपनीच्या जुन्या दांड्यावरही नाही. जिलेट कंपनीने १९७१ साली दोन पाती आणली, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. गाल तेवढेच राहिले. काडतुसाचे वय कळावे म्हणून पात्यांच्या वर एक रंगीत पट्टी असते. तिचा रंग उडाला की बदला, असे सांगतात. वास्तविक ती पट्टी वंगण संपल्याचे सांगते, धार गेल्याचे नव्हे. धार का जाते याचा उलगडा एमआयटीतील संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात केला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ, तरीही तो पात्याला बोथट करतो. धार नुसती झिजत नाही, तिचे सूक्ष्म टवके उडतात. कारण पोलादाची अंतर्रचना सगळीकडे सारखी नसते, आणि वाकलेला केस नेमक्या कच्च्या जागी भेटला की तिथे चीर पडते. म्हणजे पात्याचे वय त्या पात्यावर, त्या गालावरच्या केसांवर आणि ते धरणाऱ्या हातावर ठरते. ते पाकिटावर छापता येत नाही. अण्णांच्या कालनिर्णयात मात्र ते नोंदलेले असे.

पाण्याची गोष्ट राहिलीच. या शतकाच्या आरंभी याच कंपनीने भारतासाठी एक रेझर तयार केला आणि त्याची परीक्षा एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करवून घेतली. त्यांना तो आवडला. इथे मात्र तो केसांनी तुंबू लागला. तिथे वाहता नळ होता. इथे असंख्य माणसे पेलाभर पाण्यात दाढी उरकत होती. हे कळायला पनवेल पुरले असते. देहरंग धरण उन्हाळ्यात तळाला जाते आणि नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा काडतुसात अडकलेले केस काढण्यासाठी तांब्याभर पाणी ओतण्याची चैन इथे कोणाला परवडत नाही. पुढे कंपनीची माणसे भारतीय घरांत जाऊन बसली, जमिनीवर बसून अंधुक उजेडात दाढी करणारे पुरुष त्यांनी पाहिले, आणि २०१० साली एकाच पात्याचा 'गार्ड' बाजारात आला. रेझर १५ रुपयांना, काडतूस ५ रुपयांना. काडतूस पाच रुपयांनाही विकता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. शंभराच्या आणि पाचाच्या काडतुसांतला फरक पात्यांच्या संख्येचा आहेच. पण कोणता गाल किती सोसेल, या अंदाजाचाही तो आहे. आपल्या वाक्प्रचाराला हा अर्थ आधीपासून ठाऊक होता.

इथवर आलेल्या वाचकाला हा लेख काडतुसाविरुद्धचा वाटला असेल. मलाही तसा तो लिहिता आला असता. परंतु अण्णा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा हात थरथरतो, म्हणून आठवड्यातून दोनदा त्यांची दाढी मी करतो. या वयात गालाची कातडी सैल होते, जबड्याखाली घड्या पडतात, आणि दुधारी पाते नेमके त्या घडीत रुतते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यामुळे एवढीशी चीरही लवकर मिटत नाही. तुरटी फिरवली तरी टॉवेल लाल होतो. काडतुसाचे डोके मात्र गालाच्या वळणाबरोबर वळते आणि घडीवरून अलगद उतरते. ज्या वस्तूवर मी हे सारे लिहिले, तिचा दर मी अण्णांच्या गालासाठी मुकाट्याने मोजतो. माझ्या गालाला चार रुपयांचे पाते पुरते.

किंमत त्यांना सांगितलेली नाही. एकदा त्यांनी ते लाल-निळे डोके चष्म्याजवळ नेऊन निरखले आणि विचारले, "केवढ्याचं रे हे?"

"वीस रुपये, अण्णा."

"वीस? आणि चालतं किती?"

"दोन महिने."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "मग महाग नाही," म्हणाले, आणि मान वर करून गळा पुढे केला.

माणसाने आपला गळा पुढे करावा आणि दुसऱ्याने त्यावरून धार फिरवावी, या व्यवहारात विश्वासाखेरीज काहीच नसते. बलुत्याच्या काळीही नव्हते. त्या क्षणी काडतुसाची किंमत माझ्या लेखी बदलते; ती कमी होते असे नाही, पण तिच्याशी भांडण्याची जागा ती नव्हे.

परवा दुकानदार म्हणाला, "चारचं पाकीट घ्या सर, दोनच्यापेक्षा स्वस्त पडतं." त्याचे बरोबर होते. दोन काडतुसे म्हणजे चार महिने, चार म्हणजे आठ. मी नेहमी दोनचे घेत आलो होतो, आणि का, ते त्याला सांगण्यासारखे नव्हते. मी चारचे घेतले. घरी येऊन पहिले काडतूस दांड्यावर चढवले आणि आजच्या चौकोनात 'पा' लिहिले. चौथे निघेल तो महिना भिंतीवरच्या कालनिर्णयात नाही.