गावातले मैदान

कोल्हापूरच्या माणसाला पत्ता विचारून पाहा. तो रस्त्याचे नाव सांगणार नाही; 'अमक्या तालमीजवळून डावीकडे वळा,' असे सांगेल. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, एवढाच अर्थ ज्याला ठाऊक असेल, तो बिचारा परगावचा! आमच्याकडे तालीम म्हणजे पेठेची ओसरी. तिथे पोरे जोर-बैठका काढतात, गणपती बसवतात, भांडणे लावतात आणि मिटवतातही. पुढे या गावाला फुटबॉलचे वेड लागले, तेव्हा संघ निघाले तेही तालमींच्याच नावांचे : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. आधी पेठ, मग तालीम, मग मैदान, असा आमच्याकडचा क्रम आहे.

हल्ली मात्र हा क्रम उलटा करण्याची टूम निघाली आहे. जुन्या पेठांतली दुकाने ओस पडू लागली, तरुण मंडळी वेशीबाहेर राहायला गेली, की कोणीतरी शहाणा सुचवतो : एक भव्य स्टेडियम बांधा, म्हणजे गावात पुन्हा जीव येईल. सूचना कानाला गोड लागते. पण जमीन स्वस्त मिळते गावाबाहेर आणि मोटारी उभ्या करायला जागा असते तीही गावाबाहेर. मग जीव आणायचा गावात आणि मैदान वसवायचे माळावर, असा प्रकार होतो.

पुण्याचे पाहा. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडीजला हरवले. नवखा संघ, समोर बलाढ्य प्रतिस्पर्धी आणि मैदान भर वस्तीतले! पुढे २०१२ साली गहुंज्याला, द्रुतगती मार्गाच्या कडेला, नवे स्टेडियम झाले आणि २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे रंगले. स्टेडियम देखणे आहे, यात शंका नाही. पण सामना सुटला की माणसे वाहनतळाकडे धावतात. जिंकल्याचा आनंद घेऊन कोणी पेठेतल्या हॉटेलात मिसळ खायला शिरत नाही. कारण पेठच जवळ नाही.

आमच्या शाहू महाराजांनी हे कोडे शंभर वर्षांपूर्वी सोडवले होते. १९०२ साली ते युरोपात गेले, रोमचे कलोझियम त्यांनी पाहिले आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पुढच्याच्या फेट्याची आडकाठी होऊ नये, अशी रचना. शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह. एकीकडे लाल माती, दुसरीकडे संगीत नाटक. आणि दोन्ही भर वस्तीत.

मी एकदा वर्गातल्या मुलांना खासबाग दाखवायला नेले होते. सगळे ऐकून झाल्यावर एका चुणचुणीत पोराने विचारले, "सर, मग तेव्हा पार्किंग कुठं होतं?" वर्ग हसला. मला प्रश्न आवडला. पार्किंग नव्हते, लोक चालत येत, बैलगाडीने येत. आणि चालणारा माणूस वाटेत थांबतो. पान खातो, पोराला फुगा घेतो, ओळखीच्याच्या पायरीवर टेकतो. गाव जगते ते या थांबण्यावर.

अमेरिकेतल्या अनेक अर्थशास्त्रज्ञांनी स्टेडियमांचा जमाखर्च तपासला. बहुतेकांना आढळले, की पुढाऱ्यांनी सांगितलेला लाभ शहराच्या पदरी पडत नाही. हिशेब चौथीच्या मुलालाही समजेल असा आहे. घरात करमणुकीसाठी ठेवलेले पैसे ठरलेले असतात. ते सामन्याच्या तिकिटात गेले, तर सिनेमाला जात नाहीत. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, एवढेच. शिवाय वर्षात सामन्यांचे दिवस किती? उरलेल्या दिवसांत त्या भिंतींनी काय करायचे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी गेलो, तेव्हा जळलेल्या लाकडाचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. शेजारी एक भेळवाला उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, आत कधी गेलो न्हाई बघा. पन नाटक सुटायचा टाइम मला घड्याळाबिगर कळायचा."

त्याच्या या वाक्यात मला नगररचनेचे सारे शास्त्र दिसले. ज्याने कधी तिकीट काढले नाही, त्याचेही पोट आणि त्याचेही घड्याळ त्या इमारतीला बांधलेले होते. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले, ही समाधानाची गोष्ट. भिंती उभ्या राहतील, खुर्च्याही येतील. माझी काळजी वेगळी आहे. नाटक सुटल्यावर पेठेपेठेत पोचवणारी के.एम.टी.ची बस असेल का? म्हातारीला धडपणे चालता येईल असा पदपथ असेल का? भेळेच्या गाडीला जागा राहील, की सुशोभनाच्या नावाखाली तीच आधी हलवली जाईल? जुन्या पेठांत रस्ते अरुंद आहेत आणि गर्दीचा त्रास होतो, हे मलाही कबूल आहे. पण त्रास नको म्हणून माणसेच दूर धाडली, तर मागे नुसते रुंद रस्ते उरतात.

तुमच्या गावातही असे एखादे जुने मैदान किंवा नाट्यगृह असेलच. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तिथे घेऊन जा. फराळ जड झाला असेल, तर चालतच न्या. वाटेत मुले दहा ठिकाणी थांबतील आणि शंभर प्रश्न विचारतील. त्यांना घाई करू नका.