वारसांसाठी राखलेली जागा

वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पाऊल टाकलं की ते थडग्यावरच पडतं. काळ्या दगडाच्या शिळा एकीला एक खेटून बसवलेल्या. छप्पर कधीच गेलं. पाऊस थेट मृतांवर कोसळतो. पण याच दिवसांत शिळा बोलतात. तळव्यांनी झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत शेवाळ धरतं आणि उन्हाळ्यात न लागणारी पोर्तुगीज नावं हिरवी होऊन उमटतात. एके ठिकाणी ढाल, तिच्यावर शिरस्त्राण. त्यावरच्या तुऱ्याची पिसंसुद्धा बोटाला लागतात.

पोर्तुगीज काळात पुरत ते चर्चच्या आतच, आणि वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा. पोर्तुगीज थडग्यांवरचा मजकूर पुष्कळदा ठरीव : ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे शिळा एकदाच बसवून भागत नसे. मुलगा गेला, नातू गेला, की पुन्हा उचलायची. 1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगिजांना वसई मिळाली, त्यानंतरच्या दोनशे वर्षांत या घराण्यांनी मरणाचीही सोय पिढ्यांच्या हिशेबाने केली होती.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांपुढे किल्ला शरण आला आणि वारस निघून गेले. मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा नेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल 1707. वसईच्या विजयाचा अभिमान मलाही आहे. तरी त्या घंटेखाली उभं राहिलं की वाटतं, वसई सोडण्याआधी हिने किती जणांना मातीआड जाताना निरोप दिला असेल!

आज वसईत नांदणारा ख्रिस्ती समाज बहुतांशी इथल्याच मातीतला : सामवेदी, वाडवळ, कोळी. त्यांची चर्च रमेदीला, पापडीला, सांडोरला, निर्मळला गजबजलेली आहेत. मिस्सा मराठीत होते. किल्ल्यातल्या या मृतांना मात्र घरचं कुणी उरलं नाही.

लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी शिळांवर बसतात. त्यांना दटावावंसं वाटत नाही. खाली कोण आहे एवढं सांगावंसं वाटतं. इतिहासकार जर्सन दा कुन्हा यांनी 1876च्या ग्रंथात वसईचे कितीतरी शिलालेख उतरवून ठेवले आहेत. त्यातली नावं आणि सालं देवनागरीत लिहून दाराशी एक पाटी लावायला हवी, म्हणजे आत शिरणाऱ्याला नाव वाचून पाऊल टाकता येईल.