परतीचे पाणी

तीस वर्षे अमेरिकेत काढून २०१४ मध्ये मी बडोद्यास परतलो, तेव्हा दांडिया बाजारातील जुने स्नेही भेटायला येत आणि हमखास विचारीत, "तिकडे विद्यापीठात होतात म्हणे. कोणता विषय शिकवीत होता?" मी सांगे, "शिकवीत नव्हतो. विद्यापीठाच्या बॉयलरचे पाणी तपासत होतो." यावर क्षणभर शांतता पसरे आणि मग कोणी तरी सौजन्याने हवापाण्याकडे वळे. पाण्याविषयी मी आणखी काही सांगावे, असे मात्र कोणी म्हणाले नाही. ते आज सांगतो.

तिकडच्या मोठ्या विद्यापीठांत प्रत्येक इमारतीला स्वतःची वेगळी भट्टी नसते. आवाराच्या एका कडेला एकच केंद्र असते. हिवाळ्यात तेथे वाफ तयार होते आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून वसतिगृहे, ग्रंथालये, प्रयोगशाळा यांना पोहोचते. उन्हाळ्यात तेथूनच गार पाणी फिरते. वाफ इमारतीला आपली उष्णता देते, तिचे पुन्हा पाणी होते आणि ते केंद्राकडे माघारी येते. यालाच आम्ही परतीचे पाणी म्हणत असू. ते आधीच शुद्ध केलेले आणि गरम असल्यामुळे फार मोलाचे. पण वाटेत त्याला जे भेटेल ते घेऊन ते येते, म्हणूनच त्याची तपासणी सर्वांत आधी करायची असते.

बॉयलरला पाण्याचे दोन मोठे शत्रू. एक म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू; तो पोलादाला खड्डे पाडतो. तो घालविण्यासाठी पाणी शंभर अंशांच्या थोडे वर तापवितात आणि जो उरतो त्याच्यासाठी सल्फाइट घालतात. दुसरा शत्रू म्हणजे जडपणा, अर्थात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. बाहेरून येणारे नवे पाणी रेझिनच्या टाकीतून नेऊन हे क्षार काढतात आणि चुकून काही निसटलेच, तर त्यांचा दगड न होता गाळ व्हावा म्हणून बॉयलरमध्ये फॉस्फेट राखतात. तो गाळ तळाच्या झडपेतून वेळोवेळी सोडून द्यायचा.

हे सारे मी तिकडे शिकलो खरा. पण त्याचा पहिला धडा घरीच मिळाला होता. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी, म्हणजे एक छोटा बॉयलरच. वाड्यातील विहिरीचे पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. आजी दर अमावास्येला बंब चिंचेने घासून लख्ख करी. परंतु आत हात जेमतेम जाई आणि नळीवर पांढरा थर साचत राही. वर्षागणिक त्याच पाण्याला लाकडे जास्त लागू लागली. आजी म्हणे, "बाहेरून बंब माझा, आतून तो पाण्याचा." हे वाक्य मला पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे नीट समजले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी १९८४ मध्ये गेलो आणि मेहुण्यांच्या ओळखीने त्या केंद्रात रात्रपाळीला लागलो. काम साधे. ठरल्या वेळी पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे आणि आकडे नोंदवहीत लिहायचे. जडपणाची चाचणी तर पाहण्यासारखी असते. नमुन्यात रंगद्रव्य टाकले आणि पाणी निळे दिसले, की ते निर्दोष. दारूसारखे तांबूस झाले, की जडपणा आहे असे समजायचे. मग थेंब थेंब द्रावण घालत ते निळे होईपर्यंत मोजायचे. परतीचे पाणी नेहमी निळेच असे. दहा वर्षांत मला त्याचा तांबडा रंग फारसा दिसलाच नव्हता.

१९९४ चा जानेवारी महिना मध्यपश्चिम अमेरिकेतील लोकांना अजून आठवत असेल. पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरला होता. सगळे बॉयलर पूर्ण जोरात चालू होते. परतीच्या पाण्याचा नळ अंगणापलीकडच्या शेडमध्ये होता. पहाटे तीनला अंगणात पाऊल टाकले, की नाकातला श्वास गोठे. पहिल्या रात्री मी दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. आदल्या रात्री जडपणा शून्य होता, त्याच्या आदल्या रात्रीही शून्य. मी नोंदवहीत शून्य लिहिले. दुसऱ्या रात्री दारापर्यंतही गेलो नाही. तिसऱ्या रात्री तर शून्य लिहिताना मला काही वाटलेसुद्धा नाही.

त्याच दिवसांत एका वसतिगृहातील हीट एक्स्चेंजरची नळी फुटली होती. तेथे वाफेवर न्हाण्याचे पाणी तापत असे. शहराच्या पाण्याचा दाब त्या वाफेपेक्षा अधिक असल्याने वाफ बाहेर न पडता शहराचे जड पाणीच आत शिरले आणि परतीच्या पाण्याबरोबर थेट बॉयलरमध्ये पोहोचू लागले. वसतिगृहातल्या कुणाला काही कळण्याचे कारण नव्हते; त्यांना गरम पाणी मिळतच होते. ही गोष्ट कळण्याची जागा एकच होती, शेडमधला तो नळ. चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीतल्या माणसाने नमुना घेतला, तर तो गडद तांबडा. बॉयलरमधले फॉस्फेट संपून गेलेले.

मुख्य अभियंत्याने मला बोलावले आणि नोंदवही उघडून समोर ठेवली. आवाज चढविला नाही. तीन शून्यांवर बोट ठेवून त्याने एवढेच विचारले, "हे आकडे नळातून आले, की पेनातून?" खोटे बोलण्याची माझी तयारी होती, हे मी आज कबूल करतो. पण त्या तीन शून्यांचे अक्षर एकसारखे होते, जणू एका दमात लिहिलेले, आणि मी म्हणालो, "पेनातून."

नोकरी राहिली. वसंतात तो बॉयलर थांबवून उघडला, तेव्हा मात्र त्याने मलाच आत पाठविले. हातात विजेरी घेऊन मी मनुष्यछिद्रातून पोटावर सरकत ड्रममध्ये शिरलो. नळ्यांच्या तोंडांशी पांढरा थर होता. खाली दोन नळ्या फुगून आल्या होत्या. थरामुळे पाणी धातूला निववू शकले नव्हते. त्या अंधारात मला बडोद्याचे न्हाणीघर आठवले आणि आजीचे वाक्यही. तिचा हात बंबाच्या आत पोहोचत नव्हता, हा तिचा दोष नव्हता. माझा हात पोहोचत होता आणि मी तो नेला नव्हता.

पुढे त्या केंद्राचे पाणी सांभाळण्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. उन्हाळ्यातले कूलिंग टॉवर तर अधिक नाजूक. पाण्याची वाफ होऊनच तेथे उष्णता जाते, त्यामुळे उरलेले पाणी सतत दाट होत राहते. आणि कोमट, ओल्या जागेत जंतू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात जी न्यूमोनियाची साथ आली, तिच्या जंतूचा शोध पुढच्या वर्षी लागला. लेजिओनेला हे त्याचे नाव, आणि कूलिंग टॉवरचे तुषार त्याला दूरवर नेतात. अशा ठिकाणी पेनातला आकडा नळ्यांपुरता राहत नाही, माणसांपर्यंत पोहोचतो. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगत असे: नमुना घेतला नसेल तर 'घेतला नाही' असे लिहा. त्या शब्दांबद्दल मी कोणाला कधी रागावणार नाही. तो शब्द मी वीस वर्षे पाळला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेलो होतो. पाण्याच्या टाकीवर सफाईचे कार्ड टांगलेले असते. त्यावर बारा महिन्यांच्या बारा सह्या होत्या, एकाच शाईच्या, एका दमात केलेल्या. त्यांतले चार महिने अजून उजाडायचे होते. मी कार्ड काढून सोसायटीच्या मंत्र्यांकडे नेले. ते हसून म्हणाले, "काका, चालतं हो. पाणी तर स्वच्छ दिसतं ना?"

मी त्यांना शेडमधल्या नळाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी टाकीवर कोरे कार्ड लागले होते. महिना उलटून गेला, तरी ते कोरेच आहे. टाकी अजून धुतलेली नाही, पण निदान कार्ड तरी तसे सांगते आहे. आता मी रोज सकाळी मंत्र्यांच्या दाराची घंटा वाजवतो.