काळें तेल

मोटार बाळगणें हें श्रीमंतीचें लक्षण समजण्याचा काळ केव्हांच मागें पडला. आतां ज्याच्या दारांत मोटार उभी असते तो बहुधा माझ्यासारखाच हप्ते फेडून दमलेला मध्यमवर्गीय गृहस्थ असतो. आणि मोटारीचें खरें दुखणें तिला विकत घेण्यांत नसून तिला पोसण्यांत आहे, हें ज्ञान त्याला होतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. माझी मोटार दहा वर्षांची आहे. तिचा रंग विटला आहे, मागचें एक दार फक्त बाहेरूनच उघडतें, आणि पावसाळ्यांत तिच्या आंतून येणारा कुबट वास घरांतील सर्व माणसांनीं आतां आपलाच म्हणून पत्करला आहे. पण ती चालते. एका विशिष्ट वयानंतर मनुष्याकडून काय किंवा यंत्राकडून काय, याहून अधिक अपेक्षा धरूं नये.

आमच्या घरचा गणपति दरवर्षीं पेणहून येतो. रोह्यांत मूर्ति मिळत नाहींत असें नाहीं. पण पेणच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आमच्या आईला आवडे, आणि आई गेल्यावरहि तिची ती आवड घरांत राहून गेली. गेल्या वर्षीं गणपतीला बारा दिवस उरले असतां सौ.नें मला बजावलें, "अहो, मूर्ति मांडीवर घेऊन भर पावसांत भिसे खिंडींत उभें राहण्याची पाळी माझ्यावर आणूं नका. त्या गाडीचें तेवढें तेल बदलून घ्या."

तेल बदलावयाचें म्हणजे इंजिनांतलें जुनें तेल काढून तीन लिटरांहून थोडें अधिक नवें तेल भरावयाचें, आणि तेल गाळणारा फिल्टर नवा बसवावयाचा. एवढेंच. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं भरेल तेव्हां हें करावें, असें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत छापलें आहे. शहरांतील ज्या मोठ्या कार्यशाळेकडे मी पांच वर्षें इमानानें जात आलों होतों, तिनें या कामासाठीं ४,९०० रुपयांचा अंदाज पाठविला. त्यांत तेल होतें, फिल्टर होता, आणि त्याखेरीज 'इंजिन फ्लश', 'ए. सी. सॅनिटायझेशन' अशा नांवांचीं आणखी चार कलमें होतीं. इंग्रजी शिकविण्यांत जवळजवळ तीस वर्षें घालविलेल्या मला त्यांतील प्रत्येक शब्द समजला. कलमाचा अर्थ मात्र एकाचाहि समजला नाहीं.

मग मीं हा प्रश्न कॉलेजच्या स्टाफरूममध्यें मांडला. तेथें कोणताहि प्रश्न मांडावा, उत्तरें गरजेहून अधिक मिळतात. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं सांगितलें, तेल काळें झालें म्हणजे बदलावें. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीं सांगितलें, गाडीच बदलावी. तिसऱ्यानें ९०० रुपयांत सर्व कांहीं करून देणाऱ्याचा पत्ता दिला, आणि मी तेथें जाऊनहि आलों. तेथें तेल पिंपांतून मापानें काढून ओतीत. तें कोणत्या कंपनीचें, असें विचारतां "चांगल्या" असें उत्तर मिळालें. काटकसर हा माझा स्थायीभाव असला तरी त्या उत्तरानें मी परत फिरलों. शेवटीं शाळेच्या मुलांची रिक्षा चालविणाऱ्या एका गृहस्थांनीं मला कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडे अष्टमीला धाडलें.

पत्र्याची एक शेड, तिच्यांत गाडीखालीं उतरण्याचा खड्डा, आणि त्या खड्ड्यांतलें पावसाचें पाणी डब्यानें उपसून बाहेर टाकीत असलेले साठीच्या घरांतले मिस्त्री. मीं भाव विचारला. ते पाणी उपसतांनाच म्हणाले, "तेल तुम्ही आणा, फिल्टर तुम्ही आणा, दोन्हींची पावती तुमच्याजवळ ठेवा. माझी हातमजुरी २५० रुपये. डब्यावर ५ डब्ल्यू ३० लिहिलेलें असलें पाहिजे. तरी तुमच्या पुस्तकांत एकदां बघून घ्या."

डब्ल्यू म्हणजे 'वेट', वजन, असें मीं सहज बोलून दाखविलें. विद्वत्तेची संवय वाईट.

"नाहीं सर, विंटर. पहिला आंकडा थंडींतला. थंड तेल किती सहज वाहतें, तें त्यावरून कळतें. मागचा आंकडा इंजिन तापल्यानंतरचा."

रोह्यांत थंडी येते ती कोणी कपाटांतला स्वेटर शोधीपर्यंत परतहि जाते. पण शब्दार्थाच्या बाबतींत मिस्त्रींचें बरोबर होतें, हें मीं घरीं येऊन ताडून पाहिलें. दुसऱ्या दिवशीं १,९०० रुपयांचें तेल, १४० रुपयांचा फिल्टर आणि २० रुपयांचा वॉशर घेऊन मी हजर झालों.

मिस्त्रींनीं प्रथम गाडी पांच मिनिटें नुसती चालूं ठेवली, म्हणजे तेल पातळ होऊन तळचा गाळ घेऊन उतरतें. मग खालचा बोल्ट सोडला. डांबरासारखी काळी धार घमेल्यांत पडूं लागली. मीं पदार्थविज्ञानाच्या आधारें खेद व्यक्त केला, तर ते म्हणाले, "काळें झालें म्हणजे त्यानें काम केलें. चांगलें तेल मळ आपल्यांत धरून ठेवतें. धरलाच नाहीं तर तेल दिसेल स्वच्छ, आणि मळ राहील इंजिनांत." रंगावरून परीक्षा करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हें ऐकवावें असें मला फार वाटलें.

नंतर त्यांनीं जुना फिल्टर हातानें फिरवून काढला, फडक्यानें पुसला, चष्मा कपाळावरून खालीं ओढला, आणि तो माझ्यापुढें धरला. त्याच्या पत्र्यावर बनावटीचा महिना व साल उमटविलेलें होतें. तें तीन वर्षांपूर्वींचें होतें. त्या तीन वर्षांत माझ्या मोटारीचें तेल त्या मोठ्या कार्यशाळेंत तीनदां बदललें गेलें होतें. पहिल्या वेळीं हा फिल्टर बसविला असेल, असें धरूं. त्यानंतरच्या दोन पावत्या माझ्या फाइलींत नीट लावून ठेवलेल्या आहेत, आणि त्या दोहोंवर नव्या फिल्टरची किंमत आहे.

मी संतापलों. त्याहूनहि चमत्कारिक हें, कीं गाडीनें एवढ्या काळांत एकदांहि तक्रार केली नव्हती. मिस्त्री म्हणाले, "ती कशी करील? आंत एक झडप असते. जाळी तुंबली कीं ती झडप उघडते, आणि तेल न गाळतांच पुढें जातें. तेलावांचून इंजिन मरूं नये म्हणून तशी सोय आहे. तुम्हांला चालवतांना कांहींच कळत नाहीं."

मोटारींना असा फिल्टर बसविण्याची कल्पना १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलँड यानें प्रत्यक्षांत आणली, व 'प्युअर ऑइल लेटर' या तीन शब्दांचा सांधा करून त्यानें तिला 'प्युरोलेटर' असें नांव दिलें. पूर्वीं हें वाचलें तेव्हां मला शब्दाचीच गंमत वाटली होती. आतां माझें मन त्या झडपेंतच अडकून राहिलें.

नव्या फिल्टरच्या रबरी कडीला मिस्त्रींनीं बोटानें थोडें नवें तेल लावलें, तो हातानेंच आवळला, आणि पांढऱ्या रंगानें त्यावर तारीख व किलोमीटरचा आंकडा घातला. "पुढच्या वेळीं कुठेंहि जा, पण हें बघून या." तेल भरल्यावर रिकाम्या डब्याला त्यांनीं पेंचकसानें आरपार भोंक पाडलें, कारण असे कोरे डबे विकत घेऊन त्यांत गाळलेलें जुनें तेल भरणारे लोक आहेत. घमेल्यांतलें काळें तेल त्यांनीं झांकणाच्या पिंपांत ओतलें. वापरलेलें तेल हा धोकादायक कचरा असून तो परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा, असें २०१६ च्या नियमांत आहे. मिस्त्रींना नियमाचें साल ठाऊक नव्हतें. पिंप नेणाऱ्याचा परवाना मात्र त्यांनीं पाहून ठेवला होता. शेडच्या मागें कुंडलिका पावसानें तांबडी होऊन रेवदंड्याच्या दिशेनें चालली होती. तिच्या नांवानें उसासे टाकतांना आम्ही सुशिक्षित माणसें नेहमीं धाटावच्या कारखान्यांकडे बोट दाखवितों. माझ्या गाडीचें आजवरचें तेल कोठें गेलें, हें मीं त्या मोठ्या कार्यशाळेंत कधीं विचारलें नव्हतें.

२५० रुपये देऊन मी निघणार, तों हात पुशीत मिस्त्री म्हणाले, "सर, माझी मुलगी तुमच्याच वर्गांत आहे. पहिल्या वर्षाला. तिचें इंग्रजी कसें काय आहे?"

वर्गांत एकशें वीस मुलें आहेत. त्यांनीं मुलीचें नांव सांगितलें. तें नांव मीं हजेरीपटावर वाचलेलें होतें. पण त्या नांवामागचा चेहरा कांहीं केल्या डोळ्यांपुढें येईना.

"चांगलें आहे," मी म्हणालों.

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनीं गाडीची कांच उगीचच फडक्यानें पुसली.

घरीं आल्यावर मीं टेबलावरचा निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा पुढें ओढला. परत द्यावयाच्या म्हणून त्या बांधून ठेवलेल्या होत्या. तिची वही बरीच खालीं होती. अक्षर वळणदार होतें. तिसऱ्याच ओळींत क्रियापदाची ढळढळीत चूक होती, पुढच्या परिच्छेदांत तीच पुन्हा होती, आणि पानाच्या तळाशीं तांबड्या शाईनें एक बरोबरची खूण, तारीख, आणि माझी सही होती. मीं तिच्या वरची वही उघडली, खालची उघडली. खूण, तारीख, सही.

गठ्ठ्याची दोरी सोडून मीं तांबडें पेन शोधीत होतों, तेवढ्यांत सौ.नें स्वयंपाकघरांतून विचारलें, "मग, किती वाचले?"

ती रुपयांविषयीं विचारीत होती, हें माझ्या ध्यानांत येण्यापूर्वींच मी बोलून गेलों, "अजून एकहि नाहीं."