शिआनमधील शेवटचा दिवस

मुक्काम हलविण्याच्या आदल्या दिवशीं प्रवाशास एक निराळीच घाई सुटते. राहिलेलें सारें एका दिवसांत उरकण्याचा हव्यास त्यास स्वस्थ बसूं देत नाहीं. चीनमधील शिआन शहरीं आमचीहि तीच गत झाली. मातीच्या सैनिकांची ती प्रसिद्ध सेना पाहून झाली होती, घंटाघर पाहून झालें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें लोयांगला निघावयाचें होतें. म्हणून आम्हीं रात्रींच सात स्थळांची यादी करून ठेवली. परंतु सकाळीं चहाच्या वेळीं मातोश्रींनीं ती बाजूस सारली.

"अरे, मला सात ठिकाणें नकोत. त्या ह्युएनत्संगाचें देऊळ तेवढें दाखव, आणि तेथें घाई करूं नकोस."

त्यांचें वय शहात्तर. इतका लांबचा प्रवास पुन्हां घडेल असें त्यांना वाटत नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि वाटत नव्हतें. यादी मुकाट्यानें खिशांत गेली.

वाटेंत दक्षिणेच्या वेशीपाशीं शहराचा तट पाहिला. मिंग राजवटीच्या आरंभीं, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेला हा तट सुमारें १४ किलोमीटर घेराचा व १२ मीटर उंचीचा असून अद्यापि जुन्या शहराभोंवतीं सबंध उभा आहे. माथा इतका रुंद कीं, तरुण मुलेंमुली त्यावरून सायकली फिरवीत होतीं. आपल्याकडील पडक्या वेशी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस येथें थोडा मत्सर वाटल्यावांचून राहणार नाहीं.

तेथून दक्षिणेस कांहीं किलोमीटरांवर त्सि-अन मंदिर लागतें. पुढें गाओझोंग सम्राट् झालेल्या राजपुत्रानें इ. स. ६४८ मध्यें तें आपल्या दिवंगत मातेच्या स्मरणार्थ बांधविलें. हें ऐकतांच मातोश्रींनीं पायरीस हात लावून तो कपाळीं नेला. भारतांतून ६४५ मध्यें परतलेल्या ह्युएनत्संगानें ६५७ ग्रंथ वीस घोड्यांवर लादून आणले होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्यें येथें मनोरा उठला. तोच हा रानहंसांचा मोठा मनोरा. आठव्या शतकाच्या आरंभीं तो नव्यानें बांधला गेला, आणि आज सात मजली, सुमारें ६४ मीटर उंच आहे. ह्युएनत्संग मात्र ६६४ मध्यें मृत्यु येईपर्यंत भाषांतरें करीत राहिला. महाविभाषा हा प्रचंड ग्रंथ मूळ संस्कृतांत आपण गमावला. तो संपूर्ण असा त्याच्याच चिनी भाषांतरांत उरला आहे.

मातोश्रींना जिना झेपेना. त्यांना बाकावर बसवून आम्ही वर चढलों, चारी खिडक्यांतून सरळ रेषेंत गेलेले रस्ते पाहिले आणि लवकरच उतरलों. त्या वाट पाहात होत्या. "आपल्याकडे आला होता ना तो? आपल्या लोकांविषयीं काय लिहिलें आहे त्यानें?"

आम्हीं सांगितलें, कीं इ. स. ६४१ च्या सुमारास, चालुक्य पुलकेशीच्या राज्यांत, तो महाराष्ट्रांत आला. येथील लोक साधे, प्रामाणिक व मानी. उपकार विसरत नाहींत, अपमानाचा सूड घेतल्यावांचून राहात नाहींत, परंतु शत्रूस आधीं सूचना देतात. संकटांत कोणी मदत मागितली तर स्वतःस विसरून धांवतात, असें त्यानें नोंदलें आहे. दाराशीं दगडी हत्ती असलेल्या एका विहाराचें वर्णन त्यानें केलें आहे. तो अजिंठाच असें विद्वान मानतात.

मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तूं रोज वहींत लिहितोस, तें काय?"

आम्ही ओशाळलों. वहींत भाड्याचे हिशोब होते, तेलकट भाज्यांविषयीं कुरकूर होती, आणि उतरण्याच्या जागीं गरम पाणी वेळेवर न मिळाल्याची तक्रार दोनदां होती. मांस नको असें सांगण्यास 'सू' हा एक शब्द पुरतो, आणि तो ऐकून खाणावळीच्या बाईनें आमच्यासाठीं वेगळी कढई चढविली, हें मात्र कोठेंच नव्हतें.

मंदिराबाहेरील बागेंत एक वृद्ध गृहस्थ लांब दांड्याचा कुंचला पाण्यांत बुडवून फरशीवर सुंदर अक्षरें काढीत होते. पुढची ओळ होईतों मागची वाळून जाई. मातोश्रींना टक लावून पाहतांना पाहून त्यांनीं कुंचला पुढें केला. मातोश्रींनीं पदर सांवरला आणि मोठा 'श्री' काढला. वृद्धानें तो निरखून पाहिला, मान लवविली, आणि त्याच्याशेजारीं आपलें एक अक्षर काढलें. दोघांस एकमेकांचें अक्षर कळलें नाहीं. तरी दोघेंहि संतुष्ट दिसलीं. उन्हानें दोन्ही अक्षरें पुसून टाकलीं.

यादींतील सहा स्थळें राहिलीं तीं राहिलींच. संध्याकाळीं डाळिंबें घेऊन परतलों, सामान बांधलें, आणि मातोश्री निजल्यावर वही उघडली. प्रथम खाणावळींतील त्या बाईंची कढई लिहिली. मग त्या वृद्धांचें अक्षर, जसें आठवलें तसें, शाईनें काढून ठेवलें.