निवडणारा आणि ऐकणारा

संस्थेच्या नोंदणीला सात सह्या लागतात. त्या आमच्याकडे आहेत. उद्देशपत्रिका तयार आहे, नियमावलीची बाकी कलमं फारशी खळखळ न होता संमत झाली. अडलंय ते एका कलमावर. जो खेळाडूची निवड करतो, त्याने त्याच खेळाडूचं मानसिक समुपदेशन करू नये, असं ते कलम आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये क्रीडा मानसशास्त्राचं काम करणाऱ्यांची एक सभासद-संघटना हवी, यावर कुणाचंच दुमत नाही. या कलमापाशी आलो की मात्र आवाज चढतात. ते मांडलं माझ्या विद्यार्थिनीने, आणि पहिला विरोध माझा होता.

बैठका अमळनेरला होतात. धुळेकरांना आणि जळगावकरांना ते मध्यावर पडतं. शिवाय प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. देशभरातले विद्वान इथे येऊन मन म्हणजे काय, यावर वाद घालत. त्या गावात बसून शर्यतीआधी मुलीचे हात का गार पडतात यावर बोलावं, याचं मला अप्रूप वाटतं.

माझी नोकरी महाविद्यालयात क्रीडा संचालकाची. मानसशास्त्राचं एम. ए. मी नोकरी करता करता केलं. त्यामुळे एकाच माणसाकडे दोन कामं आली. सकाळी चाचणी घ्यायची, आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघात कोण जाणार याच्या यादीवर सही करायची, आणि संध्याकाळी त्याच मुलांना एकेकटं बसवून मनातलं बोलायला सांगायचं. आमच्याकडे हे सगळीकडे असंच आहे, आणि वर्षानुवर्षं ते मला माझं बलस्थान वाटत आलं. नुसत्या मानसशास्त्रवाल्यांना मैदान कळत नाही, नुसत्या मैदानवाल्यांना मन कळत नाही, मला दोन्ही कळतं, असं मी चारचौघांत म्हणत असे. पदक घेतलेल्या मुलाच्या फोटोत त्याच्या खांद्यावर माझा हात असावा, याची मी काळजी घेत असे. फोटो छापून आला की तो कापून ठेवत असे. अजूनही ठेवतो.

ही विद्यार्थिनी माझ्याच हाताखाली शिकली. पुढे तिने क्रीडा मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं आणि धुळ्यात काम सुरू केलं. मोठ्या शर्यतीआधी ज्याची झोप उडायची, असा आठशे मीटरचा एक धावपटू मी तिच्याकडे पाठवला. चारेक आठवड्यांनी निवड चाचणीच्या तोंडावर तिला फोन केला, काय म्हणतोय तो? ती म्हणाली, "सर, ते मी तुम्हाला नाही सांगू शकत. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल."

मला राग आला. गुप्ततेचा नियम मीच वर्गात शिकवला होता, पण तो माझ्यावरच लागू होईल असं वाटलं नव्हतं. त्या चाचणीत मी फक्त घड्याळाकडे बघून यादी केली. कोण घाबरतो, कोण ऐनवेळी कच खातो, हे माझं आतलं ज्ञान मला वापरता आलं नाही. तेव्हा प्रथमच लक्षात आलं, की आजवरच्या प्रत्येक यादीत मी ते वापरत आलो होतो.

मग मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. आपल्या भागात क्रीडा मानसशास्त्राची सर्वांत मोठी गरज पदकवाल्यांना नाही, या मुलांना आहे, हे माझं ठाम मत आहे. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक, सगळे मिळून पन्नास गुण. वर्षभराची पहाटेची मेहनत काही मिनिटांत ठरते आणि घरी सगळे फोनची वाट बघत असतात. या मुलांच्या निवडीत माझा काडीचाही हात नाही. आणि ती माझ्याशी बोलतात. मैदानाच्या कडेला बसून, अहिराणीत, न थांबता. "सर, नाव पुकारं का पोटमा गोया उठस." उधारीचं, थोरल्या भावाच्या टोमण्यांचं, वय निघून चालल्याचं, सगळं सांगतात. माझ्या संघातल्या मुली? "काही नाही सर, एकदम ओके." मी तोच, माझे प्रश्न तेच, बऱ्याचदा मैदानही तेच. फरक यादीवरच्या सहीचा.

हा गुंता आपल्याकडेच आहे असं नाही. या विद्येचा अमेरिकेतला आद्य माणूस कोलमन ग्रिफिथ. त्याने १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली, आणि १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिगली यांनी त्याला संघासोबत नेमलं. ग्रिफिथ निरीक्षणं करी आणि अहवाल मालकाकडे पाठवी. त्या अहवालांत व्यवस्थापकांवरही टीका असे. व्यवस्थापक चार्ली ग्रिम यांनी त्याला जवळ केलं नाही, त्यांच्यानंतर आलेल्या गॅबी हार्टनेट यांनीही नाही. मैदानी माणसाचा अडाणी हट्ट म्हणून ही हकीकत सांगितली जाते. मला ते पटत नाही. ज्याची वही मालकाच्या टेबलावर जाते, त्याच्यासमोर कोण मन मोकळं करील?

पुढे १९६५ साली रोममध्ये क्रीडा मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अमेरिकेत १९८५ साली जॉन सिल्वा यांच्या पुढाकाराने प्रत्यक्ष खेळाडूंसोबत काम करणाऱ्यांची वेगळी संघटना निघाली. तिथेही वाद आमच्यासारखाच पेटला. सभासद कोण, मानसशास्त्राचा पदवीधर की शारीरिक शिक्षणाचा? दोघांनी काय काय जास्तीचं शिकायचं? ब्रिटनने २००९ मध्ये या कामाचं पदनाम कायद्याच्या संरक्षणाखाली आणलं, नोंदणीशिवाय कुणी तिथे स्वतःला क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेऊ शकत नाही. आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, २०२१ च्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही आरोग्य व्यवसायांच्या यादीत जागा दिली. पण खेळाच्या मैदानावर अजून कुणीही पाटी लावू शकतो.

आणि लोक लावतात. दोन दिवसांच्या शिबिरात मनाची ताकद जागवून देणारे, संमोहनाने गोल मारायला लावणारे, व्यासपीठावर ओरडून शंभर पोरांना निखाऱ्यावरून चालायला लावणारे. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकानंतर मानसिक प्रशिक्षक पॅडी अप्टन यांचं नाव घराघरांत पोचलं, २०२४ मध्ये बुद्धिबळातल्या गुकेशच्या विजेतेपदानंतर पुन्हा गाजलं, आणि प्रत्येक अकादमीला मानसिक प्रशिक्षक हवासा झाला. मागणी खरी आहे. पण पालक पैसे मोजतात ते माणूस किती जोरात बोलतो यावर. या धंद्यात बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त असतं, हे त्यांना सांगणारं कुणी नाही. जुन्या तालमीतल्या वस्तादाला हे कळत असे. कुस्तीच्या आदल्या रात्री तो पोराचे पाय रगडत गप्प बसे. त्या गप्प बसण्याला आज कुणी फी देणार नाही.

महाराष्ट्रात या कामाला प्रतिष्ठा मिळाली ती नाशिकच्या भीष्मराज बाम यांच्यामुळे. निवृत्त पोलीस अधिकारी, नेमबाजीतले जाणकार, पतंजलीच्या योगसूत्रांतून एकाग्रता शिकवणारे. अंजली भागवत, राहुल द्रविड यांच्यासारखे खेळाडू त्यांचं ऐकत. बामसरांचं ऐकूनच मी या वाटेला लागलो. मे २०१७ मध्ये ते गेले. त्यानंतर खेळाडूला घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न मला पडला आणि तो अजून सुटलेला नाही. एका थोर माणसाभोवती काम उभं राहतं, पण व्यवसाय उभा राहत नाही. त्याला नोंदवही लागते, नियम लागतात, तक्रार ऐकणारी समिती लागते.

विरोधकांचं म्हणणं मी हलकं मानत नाही, कारण ते बराच काळ माझंच होतं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत खेळाचं बघणारा एकच शिक्षक असतो. तोच धावायला शिकवतो, तोच संघ निवडतो, रात्री ताप आला तर तोच उशाशी बसतो. त्याला आम्ही अमळनेरात बसून सांगायचं, की तू या मुलीचं ऐकू नकोस? मग तिचं ऐकणार कोण? या प्रश्नाने मी कितीतरी रात्री तळमळलो आहे.

उत्तर अखेर संघटनेतच आहे, आणि म्हणूनच ती हवी. वार्षिक परिषद, शाल-श्रीफळ, सहभागाचं प्रमाणपत्र यांसाठी आणखी एक संस्था काढू नये. ती हवी अदलाबदलीसाठी. चोपड्याच्या मुलांचं शिरपूरच्या सभासदाने ऐकावं, शिरपूरच्यांचं चोपड्याच्याने. जळगाव-धुळे अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, पारोळा-एरंडोलवरून दोन तासांची वाट, आणि फोन तर आहेच. आश्रमशाळेतल्या शिक्षकाने तापात उशाशी बसावंच, ते माणुसकीचं काम आहे. मात्र निवडीच्या काळात त्या मुलीला दुसरा एक कान मिळाला पाहिजे, ज्याच्या हातात यादी नाही. आणि त्या कानालाही आपली मर्यादा कळली पाहिजे. मुलगी जेवेनाशी झाली, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागली, तर ते काम आपलं नाही. तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं, धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात. हे शारीरिक शिक्षणवाल्यांनी शिकायचं. मानसशास्त्रवाल्यांनी महिनाभर तरी पहाटे मैदानावर उभं राहायचं. दोघांनाही सभासदत्व, दोघांनाही अट.

संस्थापक अध्यक्ष म्हणून कच्च्या मसुद्यात माझं नाव आहे. ते मला हवं होतं. लेटरहेडवर कसं दिसेल, हेही मी मनात बघून ठेवलं होतं. निवड समितीतली खुर्चीही हवी होती, कारण तिथे बसलं की मुलं वाकून नमस्कार करतात. ती खुर्ची मी यंदा सोडली आहे. अध्यक्षपदाचं सभासद ठरवतील. पुढच्या बैठकीत त्या कलमाच्या बाजूने मी हात वर करणार आहे.

तिन्ही जिल्ह्यांतल्या क्रीडा संचालकांना, क्रीडाशिक्षकांना आणि मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, सभासद व्हा. येताना पदव्यांची यादी आणू नका. तुमच्या तालुक्यात कुठल्या खेळाच्या निवडीत तुमचा हात नाही, तेवढं कागदावर लिहून आणा. त्या खेळाची मुलं आम्ही तुमच्याकडे पाठवू.