तुझ्या पोटातल्या दारूगोळ्याविषयी

टी-७२,

तुझा विचार मनात आला की आधी तुझी उंची डोळ्यांसमोर येते. टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या, छतापर्यंत मोजली तर जेमतेम सव्वादोन मीटर. अमेरिकेचा एब्रॅम्स किंवा जर्मनीचा लेपर्ड-२ हा रणगाडा शेजारी उभा केला तर तू खुजा दिसतोस. वजनाचा फरक तर त्याहून मोठा. तू जन्मलास ४१ टनांचा, ते दोघे ५५ टनांच्या आसपास, आणि पुढे साठी ओलांडून गेले. तोफेत मात्र तू कुणापेक्षा कमी नव्हतास. १९७३मध्ये तू सोव्हिएत लष्करात दाखल झालास तो १२५ मिलिमीटरची तोफ घेऊन. एब्रॅम्स त्यानंतर काही वर्षांनी आला, तरी त्याची पहिली तोफ १०५ मिलिमीटरची होती.

एवढी मोठी तोफ एवढ्या लहान शरीरात बसली, कारण तुझ्यातून एक माणूस कमी केला होता. हे पत्र त्याच निर्णयाविषयी आहे.

रणगाड्यातला लोडर म्हणजे तोफेत गोळा भरणारा जवान. त्याला उभं राहायला, वळायला, वीस-पंचवीस किलोचा गोळा उचलून तोफेत ढकलायला जागा लागते. ती जागा दिली की टरेट उंच होतं. टरेट उंच झालं की चारही बाजूंनी जास्त चिलखत लागतं, वजन वाढतं, इंजिन मोठं करावं लागतं, आणि पूल व रेल्वेचे डबे अपुरे पडू लागतात. खारकोव्हला रचनाकार अलेक्सांद्र मोरोझोव्ह यांनी टी-६४मध्ये ही साखळी तोडली. लोडर गेला, त्याचं काम यंत्राकडे आलं. पण त्या रणगाड्याचं इंजिन नाजूक आणि महागडं होतं. निझ्नी तागिलच्या कारखान्यात लिओनीद कार्त्सेव्ह आणि त्यांच्यानंतर वालेरी वेनेदिक्तोव्ह यांनी तुला घडवलं ते साधं, मजबूत आणि हजारोंनी काढता येईल असं. जुन्या टी-३४च्या घराण्यातलं डिझेल इंजिन तुला दिलं, ७८० अश्वशक्तीचं. आणि स्वतःचं वेगळं भरणयंत्र दिलं.

ते यंत्र मला मनापासून आवडतं. तुझ्या तळाशी परातीसारखी एक गोल चकती फिरते. तिच्यात २२ गोळे आडवे निजवलेले असतात आणि प्रत्येक गोळ्याची दारू वेगळ्या नळीत असते. कमांडर किंवा गनर गोळ्याचा प्रकार निवडतो. चकती फिरते, तोफ ठरलेल्या कोनात येऊन थांबते, पाळणा वर येतो. आधी गोळा आत जातो, मग दारू. सात-आठ सेकंदांत तोफ पुन्हा तयार. दारूची नळी जळून जाते, उरलेलं धातूचं बूड टरेटच्या मागच्या झरोक्यातून बाहेर फेकलं जातं. दिवसभर चाललेल्या लढाईतही हे यंत्र थकत नाही, माणूस थकतो.

पण कमांडर आणि गनर बसतात ते नेमके या चकतीवर. शिवाय चकतीत न मावलेले गोळे आणि त्यांची दारू बाकीच्या जागेत, माणसांच्या आजूबाजूला ठेवलेली असते. काही तर चालकाच्या शेजारी, इंधनाच्या टाकीतच केलेल्या खाचांमध्ये. आग विझवणारी यंत्रणा डिझेलची आग आवरू शकते. तोफेची दारू एकदा पेटली की तिला बाहेरची हवा लागतच नाही, जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. त्या आगीचा दाब क्षणात वाढतो आणि कित्येक टनांचं टरेट उडून जातं. आतल्या तिघांना झाकण उघडायलाही वेळ मिळत नाही.

तुझ्या निर्मात्यांना हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मध्य युरोपातलं सपाट मैदान होतं आणि समोरून येणारा शत्रू. चकती जमिनीलगत असल्यामुळे ती झुडपांच्या, मातीच्या उंचवट्याच्या आड राहते, समोरचा गोळा तिथवर सहज पोचत नाही. त्या लढाईसाठी हा हिशेब बरोबर होता. पण तुला पाठवलं गेलं ते वेगळ्याच लढायांत. १९९१च्या आखाती युद्धात इराकने तुला वाळवंटात उभं केलं आणि एब्रॅम्सने तुला लांबूनच टिपलं. १९९४च्या अखेरीस चेचन्यातल्या ग्रोझ्नीच्या गल्ल्यांत तू पायदळाच्या पुरेशा साथीशिवाय शिरलास. वरच्या मजल्यांवरून आणि तळघरांतून तुझ्यावर रॉकेटं सुटली, तुझी कूस आणि छत उघडं पडलं. आणि २०२२पासून युक्रेनमध्ये वरून येऊन छत फोडणारी जॅव्हलिन क्षेपणास्त्रं व स्वस्त ड्रोन यांनी तो जुना हिशेब पुरता मोडला. टरेट एकीकडे, धड दुसरीकडे, अशी तुझी छायाचित्रं जगभर फिरली. लोकांनी त्यावर विनोद केले. त्या छायाचित्रांमागे बहुतेक वेळा तीन मुलं मेलेली असतात. ती बहुतांशी आक्रमण करणाऱ्या फौजेची होती हे मान्य करूनही मला ते विनोद सहन होत नाहीत.

एक गोष्ट तुझ्या बाजूने नोंदवायला हवी. लेपर्ड-२मध्येही चालकाच्या शेजारी गोळ्यांचा साठा असतो आणि तो काही वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात नसतो. सीरियात अल-बाबजवळ तुर्कस्तानच्या लेपर्डचं टरेटही उडालं होतं. म्हणजे दोष एकट्या रशियाचा नाही. गोळे माणसांसोबत ठेवण्याचा तो दोष आहे. एब्रॅम्सने ते टरेटच्या मागे, लोखंडी दारापलीकडे ठेवले. त्या कप्प्याचं छत मुद्दाम कमकुवत केलं, म्हणजे स्फोट झालाच तर आग वर निघून जावी. त्यासाठी त्याने जड होणं पत्करलं. इस्रायलच्या मेरकावाने तर इंजिन पुढे आणलं, जेणेकरून आतली माणसं आणखी एका आडोशामागे राहतील.

तुझ्या बाकीच्या तडजोडी यापुढे किरकोळ वाटतात. मागे हटताना तू ताशी चार किलोमीटरच्या पलीकडे जात नाहीस. टरेट बसकं असल्यामुळे तोफ फार खाली झुकत नाही, म्हणून टेकडीच्या माथ्याआडून मारा करणं अवघड जातं. चकतीच्या मापामुळे गोळ्याची लांबी बांधली गेली. आणि तीनच माणसं असल्यामुळे तुटलेला पट्टा बदलण्यापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत सगळं तिघांवरच येतं.

माणसं आणि गोळे वेगळे ठेवायचे कसे, याचं उत्तर रशियाला माहीत होतं. २०१५मध्ये मॉस्कोच्या लाल चौकातून आर्माता हा नवा रणगाडा चालत गेला तेव्हा त्याच्या टरेटमध्ये माणूस नव्हता. तिघेही पुढे चिलखती खोलीत, दारूगोळ्यापासून वेगळे. पण तो मोठ्या संख्येने कधी बनलाच नाही. युद्धावर तूच जात राहिलास, आणि तुझाच वंशज टी-९०. त्याच्या एम प्रकारात काही गोळे टरेटमागच्या वेगळ्या पेटीत गेले, तरी चकती तळाशी तशीच राहिली.

आता आपल्याकडे येतो. तमिळनाडूत आवडीच्या कारखान्यात तू ‘अजेय’ म्हणून बनलास. नगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, जवळच खारे कर्जुन्याचं फायरिंग रेंज आहे, म्हणून महाराष्ट्रात रणगाडा ही दूरची गोष्ट नाही. २०२०मध्ये पूर्व लडाखमध्ये तू चिनी रणगाड्यांसमोर उभा राहिलास. इतक्या उंचीवर नेण्याजोगा होतास, कारण तू हलका होतास. तुझ्या निर्मात्यांच्या हिशेबाचा तो फायदा आपल्याला मिळाला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

मार्च २०२५मध्ये भारताने तुझ्यासाठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार केला, २४ कोटी ८० लाख डॉलरचा. विरळ हवेत ती ताकद तुला लागेलच. पण त्या कामासाठी तुला उघडतील तेव्हा चकतीबाहेरचे सगळे गोळे माणसांच्या जागेतून हलवावेत. टरेटमागे झाकणबंद पेटी करता येत असेल तर तिथे, नाही तर मागून येणाऱ्या पुरवठ्याच्या गाडीत. गोळे कमी पडतील, ती गाडी जास्त वेळा धावेल. हे पत्र तुझ्या नावाने लिहिलं तरी तुझ्या सुधारणांच्या फाइलींवर सही करणाऱ्यांनी ते वाचावं, आणि इंजिनाच्या खर्चाशेजारी या पेटीचा खर्चही मांडावा.

तुझ्यात बसणाऱ्या तिघांचा,
एक हितचिंतक